परवागिल्ल

"शहरात कुणाला कुणाची पर्वा राहिलेली नाही." हे वाक्य मी लग्नांत, रेल्वेच्या डब्यात, दवाखान्याच्या बाकावर ऐकत आले आहे. बंगळुरूचं नाव निघालं की त्याला आणखी जोर चढतो. कोल्हापूरची माझी मावसबहीण फोनवर विचारते, "तिकडं मराठी बोललं की अंगावर येतात म्हणे?" मी एकोणीस वर्षं मल्लेश्वरममध्ये राहते, घरचा किराणा मीच आणते, आणि हे म्हणणं मला साफ नामंजूर आहे.

१२ एप्रिल २०२५, शनिवार. मोबाइलवरून पैसे भरण्याची व्यवस्था त्या दिवशी देशभर अडखळत होती. घराजवळच्या सुपरमार्केटात बिलाच्या रांगा तुंबलेल्या. माझं बिल २६४ रुपये आणि पाकिटात दोनशेची एकच नोट. "गूळ राहू दे," मी काउंटरवरच्या मुलीला म्हटलं. तेवढ्यात मागून शंभराची नोट पुढे आली. पाठीला सॅक, हातात अंडी आणि दुधाच्या पिशव्या, वय फार तर पंचवीस. मी त्याचा नंबर मागितला. "परवागिल्ल, आंटी," असं म्हणून त्यानं उरलेले छत्तीस रुपये मोजून खिशात टाकले. मोजून घेतले, हे मला फार मोलाचं वाटतं. पैशाची किंमत त्याला पुरती ठाऊक होती. चौसष्ट रुपये त्यानं समजून-उमजून सोडले होते.

'परवागिल्ल' ऐकलं की आपली 'पर्वा नाही' आठवते. आपण ती म्हणतो तेव्हा समोरच्याला झटकून टाकतो. कानडी माणूस 'परवागिल्ल' म्हणतो तेव्हा समोरच्याचा संकोच उतरवतो: असू द्या, काही बिघडत नाही. या शहराविरुद्धची तक्रार आणि शहराचं उत्तर, दोन्ही या एका शब्दाभोवती फिरतात.

आता पूर्वपक्ष. पहिला आक्षेप जुन्या आठवणींतून येतो. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे माणुसकी होती, सुपरमार्केटनं ती संपवली, असं म्हणतात. माझं बालपण अशाच दुकानाच्या फळीसमोर गेलं. वाणी मला मूठभर फुटाणे द्यायचा, कारण मी कुणाची नात हे त्याला माहीत होतं. उधारीच्या वहीत आमचं पान होतं. ज्या बाईचं पान नव्हतं, जिच्या घराण्याची, जातीची, नवऱ्याच्या नोकरीची खात्री पटत नव्हती, तिला त्याच फळीवरून रिकामी पिशवी घेऊन परत जाताना मी पाहिलं आहे. तो जिव्हाळा खरा होता, त्याला मी नावं ठेवत नाही. पण तो ओळखीचा जिव्हाळा होता. माझं आडनाव, गाव, ऐपत यांतलं काहीही न विचारता पुढे आलेली नोट त्या फळीवर मी कधी पाहिली नाही. त्यासाठी अनोळखी माणसांची रांगच लागते.

गर्दीनं माणसं बथ्थड होतात, ही याच आक्षेपाची शास्त्रीय बतावणी. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट लेव्हीन आणि त्यांचे सहकारी यांनी २३ देशांतल्या २३ मोठ्या शहरांत हे ताडून पाहिलं. रस्त्यात पेन पडलं तर कुणी उचलून देतं का, पायाला पट्टी बांधलेल्या माणसाची पडलेली मासिकं गोळा करायला कुणी वाकतं का, अंधाला रस्ता ओलांडायला कुणी हात देतं का, अशा साध्या कसोट्या होत्या. २००१ साली निष्कर्ष छापून आले. रिओ दि जानिरो पहिलं आणि आपलं कोलकाता चौथं. श्रीमंत न्यूयॉर्क तळाजवळ. गर्दी आणि गरिबी यांनी माणुसकी मरत असती, तर कोलकाता तिथं दिसलं नसतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. ते विचारतात, चौसष्ट रुपयांच्या गोडव्यानं कुणाचं काय बदललं? काउंटरवरची मुलगी दिवसभर उभीच असते, तिचं काय? बरोबर आहे. केरळनं २०१८ साली आणि तमिळनाडूनं २०२१ साली दुकानांतल्या कामगारांना बसण्याचा हक्क कायद्यानं दिला. केरळात त्यामागे कोळिकोडच्या कापडदुकानांत राबणाऱ्या बायकांचा लढा होता. तो हक्क कुणा गिऱ्हाइकाच्या गोड हसण्यातून आलेला नाही, आणि दयेला हक्काच्या जागी बसवू पाहणाऱ्याशी मीही भांडेन. पण दोन्हींत वैर कुठे आहे? काउंटरपलीकडे माणूस उभं आहे, हेच ज्याला दिसत नाही, तो तिच्या खुर्चीची मागणी कशी उचलून धरणार? तिला नावानं हाक मारणारी, तिच्यासाठी पिशवी स्वतः भरणारी गिऱ्हाइकं माझ्या रांगेत आहेत. तिच्या बाजूनं बोलायची वेळ आली तर मी आधी त्यांच्याकडे जाईन.

राहिली भाषा. भांडणं होतात, मी ती पाहिली आहेत, लपवणार नाही. पण भांडण सुरू झालं की चार फोन वर होतात आणि संध्याकाळपर्यंत ते कोल्हापुरात पोचतं. चौसष्ट रुपयांचं चित्रण कुणी केलं नाही. मराठी या शहराला नवी नाही: १६३८ साली बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आलं, आणि आमच्या भागातल्या काडु मल्लेश्वर देवळाला व्यंकोजीराजांनी दिलेल्या दानाचा १६६९चा शिलालेख आहे. या इतिहासावर हक्क सांगून मी कानडी न शिकता राहिले असते, तर तो माझा उद्धटपणा ठरला असता. मला शिकवलं ते मात्र बाजारातल्या अनोळखी बायकांनी.

पहिल्याच वर्षीची गोष्ट. मी हॉपकॉम्समध्ये, म्हणजे बागायतदारांच्या १९५९पासूनच्या सहकारी संस्थेच्या दुकानात, शेपू मागत होते. विक्रेत्याला काही कळेना. मी हातवारे केले, वास घेऊन दाखवला. शेजारी उभ्या असलेल्या आजींनी आपल्या पिशवीतून एक जुडी काढून माझ्या नाकाशी धरली. "सब्बसिगे सोप्पु," त्या म्हणाल्या आणि 'ब्ब' नीट येईपर्यंत तीनदा म्हणवून घेतलं. मग मी ते विक्रेत्याला ऐटीत म्हणून दाखवलं. त्यानं रिकामी टोपली उलटी करून दाखवली, शेवटची जुडी आजींनीच घेतली होती. आजी माझ्याकडे बघत राहिल्या, मग त्यांनी जुडीचा दोरा सोडला आणि तिथंच, काउंटरवर, तिचे दोन वाटे केले.