डोकं तपासायचं की बदलायचं?

माणूस आजारी पडला की त्याला डॉक्टरकडे नेतात. डॉक्टर नाडी बघतो, जीभ बघतो, पोट दाबून 'इथं दुखतं का?' असं विचारतो आणि मग काय ते लिहून देतो. समजा, यातलं काहीही न करता एखादा डॉक्टर म्हणाला, ''डोकं गेलंय, बदलावं लागेल. अठ्ठावन्न हजार होतील,'' तर आपण चपला शोधायला लागू. पण मोटारीच्या बाबतीत नेमकं हेच वाक्य ऐकल्यावर आपण मुकाट्याने खिशाकडे हात नेतो. मीही नेला होता. हिने तो वेळीच धरला, म्हणून आज हा लेख लिहिण्याइतपत डोकं माझ्यापाशी आणि गाडीपाशी शिल्लक आहे.

पूर्वीच्या मोटारींचं सगळं उघड्यावर असे. अ‍ॅम्बॅसिडर किंवा फियाट तुळजापूरच्या घाटात बंद पडली की बॉनेट वर जाई आणि देवीच्या दर्शनाला पायी निघालेली मंडळीसुद्धा चार पावलं वाकडी करून आत डोकावत. ''पॉइंट घासून बघा,'' ''प्लग काढून पुसा,'' ''कार्बोरेटरात कचरा असंल.'' सल्ल्याला पैसे पडत नसत आणि सातांपैकी एक तरी सल्ला बरोबर निघे. मोटार दुरुस्त करणं हे त्या काळी लोकशाहीतलं काम होतं.

आता बॉनेट उघडलं तर आत काळं प्लॅस्टिकचं झाकण दिसतं. मंगळागौरीच्या ताटावर रुमाल टाकावा तसं. इंजिनाच्या आसपास किंवा डॅशबोर्डाच्या पोटात कुठे तरी तळहाताएवढा एक डबा असतो. त्याला इंजिन कंट्रोल मॉड्यूल म्हणतात. गाडीचे गिअर आपोआप पडत असतील तर त्याचा एक धाकटा भाऊही असतो, ट्रान्समिशन कंट्रोल मॉड्यूल. पेट्रोल किती द्यायचं आणि ठिणगी केव्हा पाडायची हे थोरला ठरवतो. क्लच केव्हा ओढायचा आणि कितवा गिअर टाकायचा हे धाकटा बघतो. दोघे दोन तारांवरून एका सेकंदात शेकडो वेळा एकमेकांशी बोलतात. ज्या जिल्ह्यात हातभर बांधावरून सख्खे भाऊ वीस-वीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढतात, तिथे ही गोष्ट कौतुकाचीच म्हणायची.

तर आमच्या गाडीतले हे भाऊ एके दिवशी बोलेनासे झाले. सोलापूरचं लग्न आटोपून आम्ही धाराशिवला परत येत होतो. घाट निम्मा चढलो आणि समोर पिवळा दिवा लागला. गिअरच्या आकड्याच्या जागी नुसती एक आडवी रेघ आली. गाडी उभी राहिली. मी सवयीने बॉनेट उघडलं, काळ्या झाकणाकडे पाहिलं आणि मिटलं. पायी जाणारे दोघेतिघे थांबले, त्यांनीही झाकणाकडे पाहिलं आणि काही न बोलता पुढे गेले. मला त्यांच्या मुकेपणाचंच जास्त वाईट वाटलं. दहा मिनिटांनी गाडी आपोआप सुरू झाली आणि काही झालंच नाही अशा थाटात घरी आली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या जिल्ह्यातली अधिकृत कार्यशाळा गाठली. काचेची खोली, थंड हवा, फुकट कॉफी. कॉफी फुकट मिळाली की बिल मोठं येणार हे मी या वयात तरी ओळखायला हवं होतं. टाय लावलेल्या एका तरुणाने स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या खाचेत एक यंत्र खोवलं, हातातल्या पाटीवर बोट फिरवलं आणि दोन कोड वाचून दाखवले : पी 0562 आणि यू 0101.

''मॉड्यूल गेलंय,'' तो म्हणाला.

''कुठे?'' मी विचारलं.

तो हसला नाही. ''बदलावं लागेल. नवीन मॉड्यूल, प्रोग्रामिंग आणि टॅक्स धरून अठ्ठावन्न हजार.''

खिशाकडे हात गेला तो इथेच. हिने तो धरला आणि म्हणाली, ''माझ्या गुडघ्याच्या वेळी दोन डॉक्टरांना दाखवलं होतंत ना? मग हिला एकालाच दाखवून कसं चालेल?''

आमच्या मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे लिंबाखालचं पत्र्याचं छप्पर. मिस्त्री आयटीआय झालेला आणि हप्त्यांवर घेतलेला एक स्कॅनर बाळगून असलेला. त्यानेही तेच यंत्र त्याच खाचेत खोवलं, त्यालाही तेच दोन कोड दिसले. पण त्याने ते कोड नुसते वाचले नाहीत, त्यांचा अर्थ लावला.

''साहेब, पी म्हणजे इंजिन-गिअरची बाजू, यू म्हणजे यांचं आपसातलं बोलणं. 0562 म्हणजे विजेचा दाब कमी पडलाय. यू 0101 म्हणजे गिअरच्या डब्याकडून जाबच येत न्हाई. आता भाऊ बोलत न्हाई म्हणून लगेच भाऊ मेला असं म्हणायचं का? आधी बघावं, उपाशी हाय का.''

मग त्याने मीटर काढला. एक टोक बॅटरीच्या ऋण बाजूला, दुसरं इंजिनाच्या लोखंडाला. ''मारा स्टार्टर.'' मी मारला. अर्थिंग चांगलं असेल तर या दोन टोकांत फार तर अर्धा व्होल्ट दिसावा, खरं म्हणजे त्याहूनही कमी. इथे सव्वा व्होल्ट दिसला. म्हणजे बॅटरी भरलेली होती, पण तिची वीज परत यायची वाट अडली होती. वाट शोधत मिस्त्री अर्थिंगच्या तारेच्या बोल्टापाशी पोचला. बोल्टाखाली हिरवट गंज होता. त्याने पॉलिशपेपरने तो घासला, बोल्ट आवळला, पुन्हा मीटर लावला. काटा जागेवर. तीनशे रुपये घेतले. त्याला दीड वर्ष झालं. तो दिवा पुन्हा लागलेला नाही.

इथे कुणी म्हणेल, म्हणजे काचेतले लबाड आणि लिंबाखालचे साधू, एवढंच ना तुमचं म्हणणं? नाही. लिंबाखालीही मी भरपूर लबाड पाहिले आहेत. आणि तो टायवाला मुलगा लबाड नव्हताच. त्याच्या पाटीवर कोड दिसला, कोडाखाली बदलायच्या भागाची किंमत दिसली आणि मध्ये 'तपासा' असं सांगणारं जे पान होतं ते उघडायला त्याला कुणी वेळच दिलेला नव्हता. कोड म्हणजे निदान नव्हे, ती तक्रार आहे. 'पोटात दुखतं' असं पेशंट म्हणाला म्हणून कुणी पोट कापून काढत नाही.

माझं खरं भांडण पुढच्या गोष्टीशी आहे. सात महिन्यांनी गाडीची क्लच प्लेट झिजली. मिस्त्रीने सकाळी गाडी घेतली आणि दुपारी नवी प्लेट बसवून मोकळा झाला. मग तो कपाळाला हात लावून बसला. नवी प्लेट नेमकी कुठे टेकते हे त्या धाकट्या भावाला शिकवावं लागतं. तोवर तो जुन्याच अंदाजाने क्लच ओढतो, गाडी हिसके खाते किंवा जागची हलत नाही. शिकवायला अक्कल लागत नाही, संगणकातली एक आज्ञा लागते. मिस्त्रीच्या स्कॅनरला आमच्या गाडीचं वाचता येत होतं, लिहिता येत नव्हतं. लिहायचा अधिकार कंपनीच्या प्रोग्रामला, आणि त्याचा पासवर्ड अधिकृत कार्यशाळेला. तेव्हा धडधाकट इंजिनाची, नव्या क्लचची आमची गाडी दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसून नव्या नवरीसारखी शेजारच्या जिल्ह्यात गेली. मी घड्याळ लावून उभा होतो. शिकवणी अकरा मिनिटांत झाली. जाण्यायेण्याचा आणि शिकवणीचा खर्च मिळून मिस्त्रीच्या मजुरीच्या दुप्पट.

आता मला सांगा, ही गाडी कुणाची? आरसी बुकावर नाव माझं, कर्जाचे हप्ते माझे, विमा माझा, चलनही माझ्याच पत्त्यावर येतं. फक्त तिचं डोकं माझं नाही. उद्या असं सांगितलं की शेत तुमचं, सातबारा तुमचा, सारा तुम्हीच भरायचा, पण विहिरीच्या मोटारीची किल्ली पंप विकणाऱ्याच्या खिशात, तर आमच्याकडचा शेतकरी त्याला काय म्हणेल ते इथे छापता येणार नाही.

हा प्रश्न एकट्या मोटारवाल्यांचाही नाही. 1 एप्रिल 2020 पासून नव्या गाड्यांना बीएस सहाचे नियम लागले आणि साध्या मोटरसायकलींमधूनही कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. आज भूमकडचा दूधवाला कॅन लावून निघतो त्या नव्या फटफटीलाही डोकं आहे, आणि तिलाही पिवळा दिवा आहे. दूध काही दिवा विझायची वाट बघत थांबत नाही, ते नासतं.

कंपन्यांचं उत्तर मला पाठ आहे. पहिलं, कुलूप काढलं तर चोर नवी किल्ली बनवतील. मान्य. किल्लीचं आणि चोरीचं जे काय असेल त्यावर हवं तर कुलूप ठेवा, रजिस्टर ठेवा, अंगठा घ्या. पण क्लच प्लेट शिकवून कोणता चोर श्रीमंत झाला आहे?

दुसरं, बाहेरचे लोक प्रोग्राम बदलून गाडीची ताकद वाढवतील आणि धूर सोडतील. असे दीडशहाणे आहेत, त्यांना जरूर दंड करा. पण प्रोग्रामातली या शतकातली गाजलेली लबाडी कुठल्या लिंबाखाली झाली होती? 2015 साली उघडकीला आलं की फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांच्या मॉड्यूलात असा प्रोग्राम होता, की गाडीची परीक्षा चालू आहे हे तो ओळखे आणि तेवढ्यापुरता धूर आवरता घेई. इन्स्पेक्टर शाळेत आला की हाताची घडी घालून बसणाऱ्या पोरासारखा. जगभरात अशा सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्या निघाल्या. तो प्रोग्राम लिहिणाऱ्यांकडे अधिकृत पासवर्ड होता.

तिसरं, हे नाजूक काम आहे. हेही खरं. नवा प्रोग्राम लिहिताना बॅटरीचा दाब मध्येच पडला तर मॉड्यूलची वीट होते, आणि आमच्याकडे वीज केव्हा जाईल हे वीजही सांगू शकत नाही. पण मग बॅटरीला आधार देणारं यंत्र कसं लावायचं ते मिस्त्रीला शिकवा ना! जिल्ह्यात आयटीआय आहेत, शिकायला पोरं आहेत. पोहायला येत नाही म्हणून पाण्याला हात लावू द्यायचा नाही आणि पाण्यात नाही म्हणून पोहायला शिकवायचं नाही, हा कुठला न्याय?

आणि न्यायाचं म्हणाल तर कागदावर तो झालेला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना मिळून 2544 कोटींहून अधिक दंड ठोठावला आणि सुटे भाग व तपासणीची यंत्रं बाहेरच्या दुरुस्तीवाल्यांना मिळाली पाहिजेत असं बजावलं. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. 2022 साली केंद्र सरकारने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, त्यात मोटारीही घेतल्या. तिकडे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मतदारांनी 2012 सालीच मत देऊन हा हक्क मंजूर करून घेतला. तेव्हा ही काही माझ्या एकट्याच्या डोक्यातली सुरसुरी नव्हे. शहाणी माणसं शिक्का मारून बोलली आहेत. एवढं होऊनही माझी गाडी दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसून गेली.

माझं मागणं मोठं नाही. गाडीबरोबर तिच्या कोडांचा अर्थ सांगणारं पुस्तक मराठीत द्या. वाचण्यावर कुलूप नको. नवा भाग बसवल्यावरची शिकवणी कोणत्याही शिकलेल्या मिस्त्रीला वाजवी फी घेऊन करू द्या. आणि मॉड्यूल बदला म्हणणाऱ्याने आधी बॅटरी किती व्होल्ट होती, अर्थिंग किती होतं हे कागदावर लिहून द्यावं. तुम्हीही, वाचकहो, पिवळा दिवा लागला तर 'किती होतील?' असं विचारू नका. आधी 'तपासलं कसं?' ते विचारा. समोरचा गडबडला तर कॉफी पिऊन परत या.

आमच्या जिल्ह्याला हे नवीन नाही. तेरच्या गोरोबाकाकांची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईने विचारलं, यातलं कच्चं मडकं कोणतं ते सांगा. काकांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर ठोकून पाहिलं. नामदेव कुरकुरले, तेव्हा हे मडकं कच्चं असं निदान झालं. लक्षात घ्या, आधी प्रत्येकाला ठोकून पाहिलं. आणि कच्चं निघालं तरी डोकं बदला असं कुणी म्हणालं नाही. नामदेव विसोबा खेचरांकडे गेले, जे शिकायचं राहिलं होतं ते शिकले आणि त्याच डोक्याने पुढे थेट पंजाबपर्यंत पोचले.

परवा हे सगळं मी मिस्त्रीला मोठ्या उत्साहाने ऐकवलं. तो एका मोटरसायकलखाली आडवा होता. पाना मागायला हात बाहेर काढत म्हणाला, ''खरं हाय साहेब. पण विसोबांनी पासवर्ड न्हाई मागितला.''