गाडी यार्डात उभी आहे म्हणून?

तुमच्या घरात यंदा पहिली कार घ्यायचं चाललं असेल, तर एक गोष्ट आधीच ठरलेली असणार : तारीख. मॉडेल ठरलेलं नसतं, पेट्रोल की सीएनजी ठरलेलं नसतं, बँक किती कर्ज देणार हेही नक्की नसतं. पण गाडी दसऱ्याला दारात पाहिजे, हे आजीपासून धाकट्या भावापर्यंत सगळ्यांना पाठ असतं. मग देगलूरहून 80 किलोमीटर नांदेड. शोरूममध्ये सेल्समन पाणी देतो आणि सहज विचारतो, "डिलिव्हरी कधी पाहिजे, काका?" पप्पा खरं सांगून टाकतात. घासाघीस तिथंच संपली.

कारण पुढचं वाक्य ठरलेलं आहे. "तुम्ही म्हणताय त्या व्हेरियंटला दीड-दोन महिने वेटिंग आहे. पण याच्या वरचं एक पांढऱ्या कलरमध्ये यार्डात उभं आहे, दसऱ्याला देतो." सोबत आलेले मामा लगेच म्हणतात, "काऊन थांबायलात? गाडी उभीच हाय की." आणि घरून निघताना जी गाडी ठरली होती, तिच्यापेक्षा लाखभर महाग गाडी बुक होते. सनरूफसकट. देगलूरच्या उन्हात सनरूफ उघडून कुठं जायचं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मुहूर्तासाठी दुसऱ्याच्या पसंतीची गाडी घेऊ नका, असं माझं मत आहे. यार्डातली गाडी वाईट असते असं नाही. तुम्ही घरी कागदावर जे लिहिलंय तेच तिथं उभं असेल, तर हसत घ्या. नसेल, तर ऑर्डर द्या आणि थांबा. पूजा करायचीच असेल तर बुकिंगच्या पावतीची करा, तीही दसऱ्यालाच होते.

"लाखभराचंच तर आहे" हे वाक्य शोरूममध्ये फार हलकं वाटतं, म्हणून हिशोब मांडून बघू. दहा लाखांच्या आतली पेट्रोल गाडी आहे. महाराष्ट्रात तिला 11 टक्के रोड टॅक्स, म्हणजे वाढीव लाखावर 11 हजार आधीच गेले. तो लाख कर्जातून आला आणि व्याज 9.5 टक्के, मुदत 7 वर्षं धरली, तर हप्ता महिन्याला सुमारे 1,634 रुपयांनी वाढतो. 84 हप्त्यांचे 1 लाख 37 हजार होतात. टॅक्स धरून 1 लाख 48 हजार, विम्याचा वाढीव हप्ता वेगळाच. सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव 5,328 रुपये क्विंटल होता. म्हणजे जवळपास 28 क्विंटल सोयाबीन, तेही हमीभाव मिळाला तर. ते किती एकरांतून निघतं, हे रात्री जेवताना घरी विचारा.

"मिळतेय तोवर घेऊन टाका" ही आपल्या घरांतली सवय आहे आणि ती उगीच लागलेली नाही. आजोबांना बजाज चेतकबद्दल विचारून बघा. कारखान्यानं किती स्कूटर बनवायच्या हे सरकारी परवान्यानं ठरायचं. नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे आणि नंबर लागलेली स्कूटर जास्त पैसे घेऊन विकली जायची. त्या काळात समोर उभी असलेली गाडी सोडणं हा खरंच वेडेपणा होता. आमच्या पिढीनंही त्याची झलक पाहिली. ऑक्टोबर 2021 मध्ये महिंद्राच्या एक्सयूव्ही 700 ची पहिली 25 हजार बुकिंग 57 मिनिटांत झाली आणि पुढच्यांसाठी किंमत वाढली. जुलै 2022 मध्ये स्कॉर्पिओ-एनची एक लाख बुकिंग अर्ध्या तासात झाली. वरून चिपचा तुटवडा. गाड्या बनतात आपल्याच चाकणला, पण काही व्हेरियंटसाठी वर्षाहून जास्त वेटिंग होतं.

पण पुढच्या दोन-तीन वर्षांत वारं फिरलं. विक्रेत्यांची देशपातळीवरची संघटना आहे, फाडा. तिच्या आकडेवारीनुसार सप्टेंबर 2024 अखेर देशभरातल्या डीलरांकडे 80 ते 85 दिवस पुरेल एवढा साठा पडून होता : 7.9 लाख गाड्या, किंमत 79 हजार कोटी रुपये. आता हे समजून घ्या की डीलर या गाड्या बहुतेक वेळा बँकेच्या पैशानं उचलतो. यार्डातली प्रत्येक गाडी रोज व्याज खाते. तुम्हाला वाटतं गाडी संपून जाईल, आणि त्याला वाटतं ती आज जावी. घाई दोघांनाही आहे, फक्त त्याची दिसत नाही आणि आपली हारतुऱ्यासकट दिसते.

थांबण्याची किंमत काय असते, हे 2025 नं चांगलं दाखवलं. 15 ऑगस्टच्या भाषणात पंतप्रधानांनी कर कमी होणार असं सूचित केलं, 3 सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलनं निर्णय घेतला आणि 22 सप्टेंबरला, म्हणजे घटस्थापनेलाच, तो लागू झाला. 4 मीटरच्या आतल्या आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा 28 टक्के जीएसटी आणि वरचा सेस जाऊन 18 टक्के राहिला. पाच आठवडे कळ काढलेल्यांचे हजारो रुपये वाचले. पहिल्याच दिवशी एकट्या मारुतीनं सुमारे 30 हजार गाड्यांची डिलिव्हरी दिल्याच्या बातम्या आल्या. त्याच दिवसांत मराठवाड्यात सोयाबीन पाण्यात उभं होतं, तेव्हा टीव्हीवरचा तो जल्लोष आपल्याकडं कितीजणांनी पाहिला असेल, कोण जाणे.

यातली तांत्रिक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. गाडीला किंमत आणि कर लागतो तो बिलाच्या दिवसाचा. बुकिंगच्या दिवशीचा आकडा सहसा टिकत नाही. कर उतरला तर थांबणाऱ्याचा फायदा, पण कंपन्या बऱ्याचदा जानेवारीत किमती वाढवतात, तेव्हा त्याचाच तोटा. म्हणून ऑर्डर देणार असाल तर व्हेरियंट, रंग, अंदाजे तारीख, किंमत वाढली तर काय आणि बुकिंग रद्द केलं तर किती परत मिळणार, हे सगळं ऑर्डर फॉर्मवर लिहून घ्या. "मी आहे ना, टेन्शन नका घेऊ" याला कागदावर जागा नसते. आणि बुकिंगची रक्कम शोरूमच्या खात्यावर, सेल्समनच्या यूपीआयवर नाही.

स्टॉकमधली घेत असाल तर काम तुमचं, कारण घरात फोनवर सगळं शोधणारे तुम्हीच आहात. चॅसिस नंबर मागा, 17 अक्षरं-अंकांचा असतो. त्यावरून गाडी कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात बनली ते विचारा. पुढं हाच महिना आणि वर्ष आरसीवर येतं. जुनी गाडी विकताना समोरचा आधी वर्ष बघतो. डिसेंबरात बनलेली गाडी जानेवारीतल्या गाडीपेक्षा महिनाभरच मोठी असते, पण बाजारात ती एक वर्षानं जुनी ठरते. चार वर्षांत बदलणार असाल तर हे महागात पडतं. पण आपल्याकडं गाडी दहा-बारा वर्षं चालते, मग धाकट्याकडं जाते. अशा घरानं वर्षअखेरीला उरलेला स्टॉक बिनधास्त बघावा, फक्त सूट भरभक्कम मागून. आणि बिल फाटण्याआधी गाडी दिवसाउजेडी बघा : टायर, बॅटरी, रंग, किती किलोमीटर फिरली. पावसाळाभर उघड्यावर उभी राहिलेली गाडी पॉलिश करून चमकवता येते. कोटेशनमध्ये 'हँडलिंग' किंवा तसली कुठली ओळ असेल तर ती कशाची, हे विचारायला लाजू नका. विमाही शोरूमचाच घ्यायची सक्ती नसते, बाहेर दोन ठिकाणी भाव काढा.

आपण सीमेवरचे लोक, तेव्हा कुणीतरी "हैदराबादला स्वस्त मिळतीय" असं सांगणारच. जीएसटी दोन्हीकडं सारखा आहे, फरक पडला तर डीलरच्या सवलतीत पडेल. पत्ता देगलूरचा असेल तर गाडी तात्पुरत्या नंबरवर आणून नांदेडच्या आरटीओत एमएच 26 करून घ्यायची आणि रोड टॅक्स महाराष्ट्राचाच भरायचा. तो धरून हिशोब करा.

घरात डायलिसिसचा पेशंट असेल, आठवड्यातून दोनदा नांदेड गाठायचं असेल, तर यातलं काही ऐकू नका. जी चालू गाडी मिळेल ती घ्या, रंगाचा वाद घालू नका. बाकीच्यांनी शोरूमला जाण्याआधी घरीच एका कागदावर मॉडेल, व्हेरियंट आणि जास्तीत जास्त ऑन-रोड किंमत लिहावी, पप्पांची सही घ्यावी आणि कागद स्वतःच्या खिशात ठेवावा. सेल्समननं डिलिव्हरी कधी पाहिजे विचारलं, की पप्पांच्या आधी तुम्ही बोला : "घाई नाही, आधी भाव सांगा."