मठ पडला, कागद राहिला

इतिहास विभागाच्या सहलीत जुन्या गोव्यातला संत ऑगस्टिनचा पडका मठ पाहिला. जांभ्या दगडाचा अर्धाच मनोरा तेथे उभा आहे. बरोबरचे मित्र म्हणाले, "या ढिगाऱ्यात काय पाहायचे?" मलाही आधी तसेच वाटले.

ऑगस्टिनियन साधू १५७२ साली गोव्यात आले. त्यांचे भव्य चर्च १६०२ मध्ये पुरे झाले. पुढे १८३५ साली खुद्द पोर्तुगीज सरकारनेच धर्मसंघांना घालवून दिले आणि मठ ओस पडला. १८४२ मध्ये छत कोसळले, १९३१ मध्ये दर्शनी भाग व अर्धा मनोरा गेला. मठाची घंटा आता पणजीच्या चर्चमध्ये आहे.

याच मठात जॉर्जियाची राणी केटेवान हिच्या अस्थी होत्या. धर्म सोडण्यास तिने नकार दिला, म्हणून इराणच्या शाह अब्बासने १६२४ मध्ये तिला ठार मारविले. साधूंनी अस्थी गोव्यात आणल्या आणि त्या कोणत्या दालनात, कितव्या खिडकीशी ठेवल्या ते लिहून ठेवले. त्या नोंदीवरून पुरातत्त्व खात्याने शोध घेतला. हाड सापडले, हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी ते तपासले आणि २०२१ साली भारताने त्या अस्थींचा काही भाग जॉर्जियाला दिला.

कोणी म्हणेल, गोव्यात इन्क्विझिशनचा जाच करणाऱ्यांच्या राज्यातला हा मठ, त्याचे कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. पण तो जाचही आपल्याला कळला तो कागदांमुळेच!

आमच्या ताडकळसच्या वावरात बांधाला एक कोरीव दगड आहे. माय त्याला शेंदूर लावते. आजोबा सांगतात, तेथे पूर्वी देऊळ होते. त्याचे काही दगड आमच्याच गोठ्याच्या पायात गेले. कोणाचे देऊळ, कधी पडले, हे एकट्या आजोबांना ठाऊक आहे आणि त्यांना लिहिता येत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. मग ही नोंद करायची कोणी? सरकारने? विद्यापीठाने? मला वाटते, ते काम माझे आहे.

या सुट्टीत मी वही घेऊन आजोबांजवळ बसणार आहे. खेड्यांतून येणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनीही आपापल्या गावी तसेच करावे, एवढीच विनंती.

— बी. ए. द्वितीय वर्ष