काचेमागची सायकल की वाटेवरची?

🧵 जुनी वस्तू जपायची म्हणजे तिला हात लावायचा नाही, हा संकेत नाण्यांना आणि ताम्रपटांना शोभतो. १९९० च्या दशकातील फुल-सस्पेन्शन माउंटन बाइकला तोच नियम लावला, तर वस्तू टिकते. तिचा इतिहास मात्र मुका होतो.

१/ या सायकलीचा जन्मच जुन्याच्या दुरुस्तीतून झाला. कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीत चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ आदी तरुणांनी १९३०-४० च्या दशकांतील श्विन कंपनीच्या जाड टायरांच्या सायकली मिळवल्या, त्यांत फेरफार केले आणि डोंगरउतारावर सोडल्या.

२/ २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्सजवळ पहिली ‘रीपॅक’ शर्यत झाली. सुमारे साडेतीन किलोमीटरांत ४०० मीटरांचा उतार. पेडल उलटे दाबून लागणारा ब्रेक इतका तापे, की हबमधले ग्रीस जळून जाई. ते पुन्हा भरावे लागे, म्हणून ‘रीपॅक’. शर्यतीचे नावच दुरुस्तीवरून पडले!

३/ १९७७ मध्ये ब्रीझने डोंगरासाठी खास नवी फ्रेम घडवली. तरीही धक्के सोसत होते टायर आणि स्वाराचे हातपायच. १९८९ मध्ये पॉल टर्नरच्या ‘रॉकशॉक्स’चा आरएस-१ हा धक्के शोषणारा पुढचा चिमटा आला. पुढचा प्रश्न मागच्या चाकाचा होता.

४/ तो अधिक अवघड. मागचे चाक वरखाली हलते, पण त्यालाच साखळी ओढते आणि ब्रेकही लागतो. हॉर्स्ट लाइटनर या मोटारसायकलच्या जगातून आलेल्या रचनाकाराने मागच्या आसाच्या किंचित पुढे एक बिजागरी बसवली. त्यामुळे ब्रेक दाबला तरी सस्पेन्शन बऱ्याच अंशी मोकळे राहू लागले. ‘हॉर्स्ट लिंक’ ती हीच.

५/ काचेच्या कपाटात ही बिजागरी म्हणजे केवळ एक खिळा. तिचा अर्थ चाक हलल्यावरच कळतो.

६/ आक्षेप रास्त आहे: सायकल चालवायची तर मूळ भाग बदलावे लागतात. त्या काळच्या अनेक चिमट्यांत धातूच्या स्प्रिंगऐवजी इलॅस्टोमरचे, म्हणजे रबरासारख्या पदार्थाचे तुकडे असत. वर्षे उलटली की ते कडक होतात किंवा त्यांचा भुगा होतो. बिजागऱ्यांचे बुश झिजतात. ॲल्युमिनियमची फ्रेम थकून तडकू शकते.

७/ म्हणून मर्यादा हवी. एकमेव नमुना संग्रहालयातच राहावा. तडा गेलेली फ्रेम वाटेवर नेऊ नये. मात्र कारखान्यात अनेक प्रतींत बनलेल्या सायकलीचे झिजणारे भाग बदलावेत, काढलेला प्रत्येक भाग नोंद करून जपावा आणि फ्रेमला नवे भोक पाडू नये. उद्याच्या अभ्यासकाला सारे पूर्ववत करता आले पाहिजे.

८/ अशी सायकल चढावर नेली, की पेडलागणिक ती डुलते आणि पायांतले बळ गिळते. फुल-सस्पेन्शनला त्या काळी इतके स्वार का नाकारत होते, हे पोटऱ्यांना कळते. उतारावर तीच सायकल त्यांना उत्तर देते. हा वाद जाहिरातींत अर्धाच सापडतो.

९/ मरिनच्या तरुणांनी श्विन सायकली पुसूनपासून कपाटात ठेवल्या असत्या, तर माउंटन बाइक जन्मलीच नसती. चालण्यासाठी घडलेल्या वस्तूचे जतन तिच्या चालीसकट व्हावे.