डोंगर लांब, रस्ता दारात

आमच्या गॅलरीत एक माउंटन बाइक दीड वर्ष नुसती उभी होती. तिच्या जाड टायरांच्या खाचांमध्ये सिंहगडाच्या पायथ्याची माती वाळून बसली होती. बारा वर्षे त्या सायकलीने मला खडकाळ गाडीवाटा, ओढ्यांचे उतार आणि धरणाकाठच्या पायवाटा दाखवल्या. तिच्यात कोणताही बिघाड नव्हता. बदलले होते ते आमचे घर.

पत्नीला पार्किन्सन्सचे निदान झाले त्याला आता पाच वर्षे होतील. आरंभी तिचे तिला बरेचसे जमत होते. आता अंथरुणातून उठणे, स्नान, गोळ्यांच्या वेळा आणि घास घशात अडकू नये म्हणून जेवताना जवळ बसणे यांतच दिवस सरतो. सकाळी सहा ते पावणेआठ मदतनीस बाई येतात. तेवढाच वेळ माझा. डोंगराकडे जायचे तर सायकल गाडीला बांधून पाऊण तास जायचे, दोन तास चढउतार करायचे आणि पाऊण तास परत यायचे. हा हिशेब जुळेना, म्हणून मी सायकलच सोडली. काही महिन्यांत वजन वाढले, झोप तुटू लागली आणि एका दुपारी औषधाची वाटी सांडल्याच्या क्षुल्लक कारणावरून मी तिच्यावर ओरडलो. त्या रात्री तीच म्हणाली, “अहो, तुम्ही पुन्हा सायकल सुरू करा. डोंगर नाही तर नाही, रस्ता तर आहे.” थोडे थांबून तिने विचारले, “पण तुम्ही पडलात, तर मला कोण उचलणार?”

वयाच्या ६६व्या वर्षी पहिली रोड बाइक निवडताना मी अनेक आकडे पाहिले, अनेकांचे सल्ले ऐकले. परंतु अखेरचा निकष तिच्या या प्रश्नाचाच राहिला. शुश्रूषा करणारा माणूस पडला की घरातील दोन माणसे पडतात. म्हणून त्याची सायकल दोघांना मानवणारी हवी.

रस्ता खरोखरच दारात होता. खडकवासल्याच्या धरणापर्यंत जाऊन परत येणे माझ्या वेळेत बसत होते. मात्र खाचांचे रुंद टायर आणि पुढे शॉक ॲब्सॉर्बर असलेली १४ किलोंची सायकल डांबरावर रेटताना निम्मा दम वाया जाई. तेव्हा डांबरासाठी घडवलेली सायकल घेणे रास्त होते. दुकानात गेलो, तर विक्रेत्याने सर्वांत हलकी सायकल पुढे केली. एका हाताने उचलता येणारी ती ८ किलोंची सायकल पाहून मी मोहात पडलो. मित्रांनी फ्रान्सच्या रोबेर मार्शां यांचे उदाहरण देऊन मोह वाढवला. मार्शां यांनी २०१७ साली, वयाच्या १०५व्या वर्षी, बंदिस्त धावपट्टीवर एका तासात २२.५४७ किलोमीटर अंतर कापले होते. उदाहरण आनंद देणारे आहे; परंतु बंदिस्त धावपट्टीवर खड्डे नसतात आणि कुत्री आडवी येत नाहीत.

सुदैवाने पैसे देण्यापूर्वी एका परिचिताची तशीच सायकल रविवारी तासभर मागून घेतली. विसाव्या मिनिटाला मान भरून आली. चाळिसाव्या मिनिटाला दोन्ही हातांच्या करंगळ्या आणि अनामिका बधिर झाल्या. माउंटन बाइकवर हँडल रुंद आणि उंच असते, त्यामुळे पाठ बरीच ताठ राहते. शर्यतीच्या रोड बाइकवर हँडल सीटपेक्षा खाली आणि लांब असते. धड पुढे झुकते आणि समोरचा रस्ता पाहण्यासाठी मान मागे वळवून धरावी लागते. साठीनंतर मानेच्या मणक्यांत थोडीफार झीज बहुतेकांना असतेच. शिवाय शरीराचा भार तळहातांवर आला, की करंगळीच्या बाजूने जाणारी अल्नार नस दाबली जाते. वाकून पाहताना माझी नजर चष्म्याच्या वरच्या कडेवरून जात होती, हे तर चढ संपल्यावर लक्षात आले. बारा वर्षांच्या सवयीने माझ्या पायांना सायकल ठाऊक होती. मानेला आणि मनगटांना ही सायकल ठाऊक नव्हती.

त्या तासाभराने मला दोन आकडे पाहायला शिकवले. सायकलीच्या मापांच्या तक्त्यात स्टॅक आणि रीच असे दोन रकाने असतात. स्टॅक म्हणजे पेडल ज्या आसाभोवती फिरतात, तेथपासून हँडल बसते त्या नळीच्या माथ्यापर्यंतची उभी उंची. रीच म्हणजे त्याच दोन बिंदूंमधील आडवे अंतर. स्टॅकला रीचने भागावे. उत्तर १.४च्या आसपास आले तर सायकल शर्यतीच्या वळणाची समजावी, १.५ किंवा अधिक आले तर बैठक ताठ राहील. दुसऱ्या प्रकारच्या सायकलींना बाजारात एन्ड्युरन्स म्हणतात. मी घेतलेल्या सायकलीचे आकडे ५८५ आणि ३७८ मिलिमीटर आहेत. भागाकार सुमारे १.५५. तिचे वजन १० किलोंच्या जवळ आहे. दोन किलो अधिक उचलावे लागतात, पण मान दुखत नाही.

दुसरी गोष्ट टायरची. माझ्या जुन्या सायकलीचे टायर ५० मिलिमीटरहून रुंद होते; खड्डा आला तर मी तो खुशाल अंगावर घेत असे. शर्यतीच्या सायकलींचे टायर पूर्वी २३ ते २५ मिलिमीटरचे असत आणि त्यांत हवा दगडासारखी घट्ट भरावी लागे. आपल्या रस्त्यांवरील गतिरोधक, खड्डे आणि चेंबरची झाकणे पाहता आमच्या वयाला ३२ मिलिमीटरचा टायर बसेल अशी फ्रेमच घ्यावी. रुंद टायरमध्ये हवा कमी दाबाने भरता येते, हादरे मनगटापर्यंत कमी पोहोचतात आणि ओल्या रस्त्यावर पकडही बरी राहते. तरीही डोंगरातील एक सवय मोडावीच लागली. रोड बाइकने खड्डा अंगावर घ्यायचा नाही. तो दुरूनच पाहून वेग कमी करायचा.

गिअरच्या दातांची संख्या विचारण्याचा संकोच करू नये. गुडघ्यांचे भवितव्य तेथे ठरते. जुन्या सायकलीवर पुढे २२ आणि मागे ३४ दातांची जोडी होती. पेडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक जेमतेम दोन-तृतीयांश फिरे, त्यामुळे उभा चढही बसल्या बसल्या चढता येई. शर्यतीच्या जुन्या जोडणीत सर्वांत हलका गिअर पुढे ३९ आणि मागे २५ असा असे. म्हणजे एका फेऱ्यात चाक दीड फेऱ्याहून अधिक. चढावर तो भार थेट गुडघ्याच्या वाटीवर येतो. पुढे ३४ आणि मागेही ३४ दात मिळतील अशी जोडणी मी मागून घेतली. सीटची उंचीही महत्त्वाची. उतारावर पाय टेकता यावेत म्हणून डोंगरात आम्ही सीट खाली ठेवतो. रस्त्यावर तीच सवय गुडघा दुखवते. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला असावा. मात्र बसताना कंबर डावी-उजवीकडे डुलू लागली, तर सीट फार उंच झाली आहे असे समजावे.

ब्रेकविषयी दोन सूचना. हायड्रॉलिक डिस्क ब्रेकला बोटांचा जोर कमी लागतो. अंगठ्याच्या सांध्याला संधिवात असणाऱ्यांसाठी ही चैन नसून गरज आहे. परदेशी बनावटीच्या काही सायकलींमध्ये पुढचा ब्रेक डाव्या हाताखाली असतो. आपल्या हाताची सवय उजव्या बाजूची असेल, तर दुकानातच बाजू बदलून घ्यावी. घाबरल्यावर हात जुन्याच सवयीने दाबतो. तसेच खाली वळलेल्या हँडलच्या मधल्या भागावर हात ठेवला, तर ब्रेक बोटांजवळ राहत नाही. वाहनांच्या गर्दीत हात ब्रेकच्या मुठींवरच असू द्यावेत.

निवड पक्की करण्यापूर्वी मोकळ्या जागेत अगदी सावकाश वळून पाहावे. लहान मापाच्या काही फ्रेममध्ये वळताना बुटाचे टोक पुढच्या चाकाला लागते, आणि आमच्या वयातली पडझड बहुधा अशा संथ क्षणीच होते. बूट पेडलमध्ये अडकवण्याची पद्धत मी मुळीच स्वीकारली नाही. साधे सपाट पेडल ठेवले. आडव्या दांड्यावरून पाय टाकताना तोल जात असेल, तर सायकल बाजूला तिरपी करून पाय टाकावा. ज्यांची मान फारशी वळत नाही किंवा मान वर करताच चक्कर येते, त्यांनी वळलेल्या हँडलचा हट्ट सोडावा. सरळ हँडलची, गुळगुळीत टायरची सायकल घेण्यात कमीपणा नाही. चक्कर कशाने येते ते मात्र आधी तपासून घ्यावे.

आमच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या तीन गोष्टी येथे नोंदवतो. सायकलीने हृदय आणि फुप्फुसे सुधारतात, पण शरीराचा भार सीटवर असल्याने हाडांना पुरेसा ताण मिळत नाही. म्हणून चालणे आणि हलकी वजने उचलणे सोडू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्याच्या डोक्याला मार लागला, तर जखम दिसत नसली तरी त्याने लगेच रुग्णालय गाठावे. बीटा ब्लॉकर गटातील औषध चालू असेल, तर नाडीचे ठोके श्रमाच्या मानाने वाढत नाहीत. घड्याळातील आकड्यावर विसंबू नये. सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकाच वेग ठेवावा.

सायकलीसाठी ठेवलेल्या पैशांतून हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा आणि जाणत्या माणसाकडून बैठकीची मापे जुळवून घेण्याचा खर्च मी प्रथम बाजूला काढला. उरलेल्या रकमेत सायकल बसवली. पहिला महिनाभर रोज दहा किलोमीटरच गेलो. खिशात रक्तगट, चालू औषधे आणि शेजाऱ्यांचा फोन क्रमांक लिहिलेले कार्ड असते. पावणेआठपर्यंत मी परतलो नाही, तर बाई शेजारच्या वहिनींना हाक मारतील आणि माझ्या येण्यापर्यंत त्या पत्नीजवळ बसतील, असे आम्ही तिच्यासमोरच ठरवले. मनाई करण्यापेक्षा अशी व्यवस्था घरातल्यांना अधिक निर्धास्त करते. शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकाने सायकलच घ्यावी असे नाही. पण दिवसातला एखादा तास त्याचा स्वतःचा असावा, आणि तो तास सुरक्षित करण्यात घरातल्यांनी सहभागी व्हावे.

माउंटन बाइक बहिणीच्या नातवाने नेली. नवी सायकल येऊन आता आठ महिने झाले. मी अजून ओरडतो, पण क्वचित. आणि रात्री तिने हाक मारली की उठण्याचा त्रास वाटत नाही. तपासणीच्या वेळी डॉक्टर पत्नीला अंगठ्यावर बोट भराभर टेकवायला सांगतात. तिला ते अवघड जाते. पण सकाळी मी हेल्मेट काढून तिच्यापाशी बसलो, की ती तोच हुकूम मला सोडते, “करंगळ्या हलवून दाखवा बरं.” मी हलवून दाखवतो. मग आम्ही चहा घेतो.