पाइप, पाट आणि आपण कलाशाखेवाले

विषय पाहून माझे मित्र पान उलटतील, याची मला कल्पना आहे. 'बी. ए.च्या मुलाला संगणकाचे काय करायचे?' हा प्रश्न मला संगणक-कक्षाच्या दारातच ऐकावा लागला होता. त्या प्रश्नाला उत्तर म्हणून हा लेख.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ साली एका टिपणात लिहिले की, बागेतल्या नळीला जसा दुसरा तुकडा जोडता येतो, तसे प्रोग्राम एकमेकांना जोडता आले पाहिजेत. १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्समध्ये ही सोय एका रात्रीत करून दाखवली. तिचेच नाव पाइप. एका प्रोग्रामचे उत्तर हा दुसऱ्याचा कच्चा माल. मध्ये फक्त एक उभी रेघ.

हे वाचताना मला आमचे शेत आठवले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पाटाला पाणी आले की वडील वर आणि मी खाली दारे धरायला उभा. वरच्याने किती सोडावे, हे खालच्याला किती पेलते यावर ठरते. पाइपमध्येही तसेच. मधली जागा मर्यादित, लिनक्समध्ये साधारणपणे ६५,५३६ बाइट. ती भरली की लिहिणारा थांबतो; रिकामी झाली की वाचणारा वाट पाहतो. लिहिणाऱ्याने आपले टोक बंद केले की, उरलेले वाचून झाल्यावर वाचणाऱ्याला शेवट कळतो.

यात आपला काय संबंध? १९८६ साली डोनाल्ड नूथ यांनी मजकुरातले सर्वाधिक वेळा येणारे शब्द शोधणारा एक लांबलचक प्रोग्राम प्रसिद्ध केला. त्यावर मॅकिलरॉय यांनी तेच काम पाइपने जोडलेल्या सहा आज्ञांत करून दाखवले. शब्द सुटे करा, क्रमाने लावा, सारखे एकत्र मोजा, मोठी संख्या वर आणा. नूथ यांचा हेतू प्रोग्राम वाचनीय कसा लिहावा हे दाखवण्याचा होता, हे मान्य. पण शब्द मोजणे हे काम मुळात कोणाचे? भाषेच्या विद्यार्थ्याचेच ना! एखाद्या संतकवीने कोणता शब्द किती वेळा योजला, हे पाहायला आपल्याला शास्त्रशाखेची परवानगी कशाला हवी?

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना आठवड्यातून निदान एक तास तरी संगणक-कक्ष खुला असावा, आणि ही माहिती मराठीतून मिळावी.

जाता जाता एक गोष्ट, गुरुजनांची क्षमा मागून. पाइप एकमार्गी असतो. पलीकडून उत्तर हवे असेल, तर दुसरा पाइप टाकावा लागतो. आमच्या वर्गात पहिला पाइप उत्तम चालतो. माझ्यासारखी, ज्यांच्या घरी अभ्यासातली शंका विचारायला कोणी नाही अशी मुले मागच्या बाकावर गप्प बसतात. त्यांना गरज आहे ती दुसऱ्या पाइपाची.