यात्रा चार दिवसांची, धर्मशाळा बारा महिन्यांची

गोंदिया : माघ पौर्णिमा आली की सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला कोयापुनेम यात्रा भरते. छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणातून गोंडी भाविक येतात. महाशिवरात्रीला अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या प्रतापगडला महादेवाचे भक्त येतात, दर्ग्यालाही माणसं येतात. गर्दी वाढली की प्रश्न तोच. ज्याला हॉटेल परवडत नाही, त्यानं रात्री पाठ कुठं टेकवायची?

उत्तर आपल्या विदर्भातच सापडतं. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे डेबुजी, म्हणजे गाडगेबाबा. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या माणसानं लोकवर्गणीतून पंढरपूर, नाशिक, आळंदीला मोठमोठ्या धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यातली खास. विठ्ठल मंदिराचं दार अस्पृश्यांसाठी 1947 साली उघडलं, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. ज्या वारकऱ्यांना कुणी ओसरीवर टेकू देत नव्हतं, त्यांच्यासाठी बाबांनी त्याच्या किती तरी आधी हक्काचं छप्पर उभारलं होतं.

पुढं काय झालं ते जास्त महत्त्वाचं. 1949 साली बाबांनी ही इमारत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी देऊन टाकली. वारीसाठी बांधलेली वास्तू पोरांच्या शिक्षणाच्या कामी आली. मुंबईत दादरला बाबांच्या नावाची धर्मशाळा आहे. तिथं आज टाटा हॉस्पिटलचे कॅन्सर पेशंट आणि नातेवाईक कमी खर्चात राहतात. बाबा 1956 साली गेले, पण काम थांबलं नाही.

आपल्या जिल्ह्यानं यातून एवढंच घ्यावं. यात्रेसाठी इमारत मागताना उरलेल्या अकरा महिन्यांचा हिशेबही मांडावा. नाही तर चार दिवस गर्दी आणि पुढं वर्षभर कुलूप. सालेकसा, देवरीच्या खेड्यांतली पोरं शिकायला बाहेर पडतात, त्यांना खोली लागते. गोंदियाला 2016 पासून मेडिकल कॉलेज आहे. तिथं पेशंटसोबत आलेल्यालाही रात्र काढायला जागा लागतेच.

निधी मिळाला की भिंती उभ्या राहतात. पण झाडणार कोण, किल्ली कुणाकडं आणि दार कुणासाठी उघडं, हे ग्रामसभेत आधीच ठरायला हवं. बाबा गावात आले की आधी खराटा हातात घ्यायचे, कीर्तन रात्री. हा क्रम विसरला, तर धर्मशाळेचं गोदाम व्हायला वेळ लागत नाही.